लेकीच्या घरचं पाणी

अंधेरीच्या बर्फाच्या कारखान्यात गुणाजी धुरीने एकतीस वर्षं काढली, आणि एवढ्या वर्षांत त्याला एकदाही सर्दी झाली नाही. हे तो स्वतःच सांगायचा. ऐकणाऱ्याच्या तोंडावर जरा शंका दिसली, की साक्षीला बायकोला हाक मारायचा. मालन स्वयंपाकघरातूनच "खरा आसा" म्हणायची आणि पुन्हा कामाला लागायची. नवऱ्याच्या इतक्या गोष्टींना तिला अशी साक्ष द्यावी लागे, की आताशा ती काय चाललंय ते ऐकायचीही नाही. हाक आली की म्हणून मोकळी व्हायची.

कारखाना वर्सोव्याच्या रस्त्याला होता. मिठाच्या गार पाण्याची भलीमोठी टाकी, तिच्यात पाणी भरलेले पत्र्याचे उंच डबे उभे सोडलेले, आणि नाक चुरचुरवणारा अमोनियाचा वास. दीड-दोन दिवसांनी डबा वर खेचला, की आतून माणसाच्या छातीला लागेल एवढी लादी सुटून यायची. ती लोखंडी आकड्याने ओढायची, फळीवरून घसरवायची आणि कोळ्यांच्या मासळीसाठी तिचा चुरा करायचा. नवा आलेला गडी पहिल्या आठवड्यात हमखास आपटायचा. गुणाजी कधी आपटला नाही. पायांना पोत्याचे तुकडे बांधून तो त्या निसरड्या फरशीवर देवळात प्रदक्षिणा घालावी तसा सावकाश चालायचा. आकड्याच्या टोकाने लादीवर टकटक करायचा, कान लावायचा आणि ती आत पोकळ आहे की भरीव, कुठे तडकणार, ते सांगायचा. लादी तिथेच तडकायची. या विद्येचा कारखान्याबाहेर कवडीचा उपयोग नाही हे त्याला ठाऊक होतं, तरी तिचा अभिमान होता.

त्याचा दुसरा अभिमान म्हणजे रीत. अंधेरीतल्याच आंबोलीत त्यांची चाळ होती, तिच्यात निम्मी बिऱ्हाडं मालवण-कणकवलीकडची. बारशाला मामाने काय आणायचं, सुतकात कोणी कोणाकडे जेवायचं नाही, गौरीला कुठली भाजी, असला प्रश्न पडला की लोक म्हणायचे, "गुणाजीक इचारा." गुणाजी चष्मा काढून, तो पुसून, मग उत्तर द्यायचा. चष्म्याचा आणि उत्तराचा काही संबंध नव्हता, पण त्याने उत्तराला वजन यायचं.

शहाऐंशी साली तो परदेशी गेला. कारखान्यातून नुकताच निवृत्त झाला होता. मुलगा बाळा विमान कंपनीच्या वर्कशॉपमध्ये होता. त्या काळात अंधेरी-मरोळला अशी कितीतरी घरं होती, की जिथल्या म्हाताऱ्यांनी पुणं धड पाहिलं नव्हतं पण लंडन पाहून आले होते, कारण मुलगा विमान कंपनीत. आईबापांना वर्षातून एकदा फुकट तिकीट मिळायचं. अट एवढीच, की विमानात जागा उरली तर बसायचं, नाही उरली तर बॅग उचलून घरी यायचं. गुणाजी दोनदा असा घरी आला. दोन्ही वेळा चाळीने हार घातले होते. तिसऱ्यांदा निरोप द्यायला कुणी आलं नाही आणि नेमका त्याच दिवशी तो गेला.

तो चालला होता लेकीकडे, स्वित्झर्लंडला. अनुपमा त्याची थोरली. नर्सिंग शिकली आणि मुलुंडच्या मधुकरशी तिचं लग्न झालं. मधुकर गिरण्यांमधले माग दुरुस्त करायचा. ते माग बनवणाऱ्या स्विस कंपनीनेच त्याला तिकडे बोलावून घेतलं. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि त्यातली सहा वर्षं अनुपमा पत्रातून एकच लिहीत होती, की तुम्ही दोघं या. मालन म्हणाली, "तुमी जावा. सुनेचा बाळंतपण माज्यावर आसा." बाळाच्या बायकोला दुसरं होणार होतं, त्यामुळे यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

अडचण एकच होती, आणि ती गुणाजीच्या दृष्टीने अडचणही नव्हती. लेकीला मूल झाल्याशिवाय आईबापाने तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही रीत. अनुपमाला मूल नव्हतं. झालं की मग मागून मागून खाऊ, आज ना उद्या होईलच, असं गुणाजी म्हणायचा. लेकीकडे झोपायला मात्र रीतीची हरकत नव्हती. कारण पूर्वी कोणाची लेक इतक्या लांब दिलेलीच नव्हती, की तिच्याकडे मुक्काम करावा लागेल.

त्याने मालनला यादी दिली. नाचणीचे लाडू, सातूचं पीठ, भाजलेले शेंगदाणे, गूळ, खोबरं, तिखट शेव. तीन आठवडे पुरेल एवढं. मालनने सगळं मुकाट्याने करून, कापडी पिशव्यांत भरून, तोंडं शिवून दिलं.  मालन गप्प बसली म्हणजे तिला पटलं, असा गुणाजीचा तेहेतीस वर्षांचा समज होता.

अनुपमाचं गाव एका तळ्याकाठी होतं. तिने पहिल्या संध्याकाळी डाळ, भात, बटाट्याची भाजी केली, पापड तळला आणि तीन पानं वाढली. गुणाजी पानावर बसला. पान सरकवून त्याने पिशवीची शिवण उसवली आणि लाडू काढला. मधुकरने बायकोकडे पाहिलं. अनुपमा म्हणाली, "बाबा, मला वाटलं इतक्या लांब आल्यावर तरी…" आणि तिने ते पान उचलून आत नेलं.

पाण्याचा प्रश्न गुणाजीने दुसऱ्या दिवशी सकाळी सोडवला. चौकात दगडी हौद होता आणि त्यात एका पितळी तोटीतून दिवसरात्र पिण्याचं पाणी पडत असे. ते पाणी गावाचं. तो रोज सकाळी कानटोपी घालून हौदावर जायचा, बाटली भरायचा आणि तिथेच उभ्याने सातूचं पीठ कालवून खायचा. शेजारची म्हातारी खिडकीतून हे बघत होती. यांच्या घरचा नळ बिघडलाय असं वाटून तिसऱ्या दिवशी तिने नळदुरुस्तीवालाच आणून दारात उभा केला. अनुपमाने त्याला काय सांगितलं कोण जाणे. ती आधी खूप हसली. मग बराच वेळ न्हाणीघरातून बाहेर आली नाही.

तिचा चेहरा बघून गुणाजीला वाईट वाटलं. तो काही पाषाण नव्हता. संध्याकाळी त्याने चष्मा पुसला, खिशातून एक नाणं काढलं आणि म्हणाला, "अनू, रीतीत एक सोय आहे. ताटाखाली नाणं ठेवलं की जेवलेलं चालतं. म्हणजे ते फुकटचं होत नाही."

"माझं घर खानावळ आहे का, बाबा?"

गुणाजीने नाणं परत खिशात टाकलं. त्यानंतर त्या विषयावर कोणी बोललं नाही. दिवसभर सगळे एकमेकांशी नीट वागायचे, तळ्याकाठी फिरायचे, अनुपमा त्याला दुकानं दाखवायची. जेवायची वेळ झाली की मात्र गुणाजी आपली पिशवी घेऊन गॅलरीत जायचा.

आठव्या दिवशी रविवार होता. मधुकरच्या कंपनीला पंचाहत्तर वर्षं झाली होती आणि त्यानिमित्त कामगारांना घरच्या माणसांसकट हेलिकॉप्टरने हिमनदीवर न्यायचं ठरलं होतं. वर उतरायचं, वाटाड्याबरोबर तीन-चार तास बर्फावरून चालायचं आणि परत यायचं. मधुकर जरा चाचरतच म्हणाला, "मामा, तुम्हाला झेपेल ना? नाहीतर आपण खाली थांबू."

"बर्फावर?" गुणाजी म्हणाला. "मधुकरराव, तुम्ही तुमचं बघा."

खाली दरीत एका कुरणात सगळ्यांना आधी वजनकाट्यावर उभं केलं. हेलिकॉप्टरात वजन बघूनच माणसं भरतात. गुणाजी बुटांसकट एकावन्न किलो भरला. आपण एका लादीच्या निम्म्यानेही नाही, हे कळून त्याला मौज वाटली. वाटाड्याचं नाव रेटो. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, कमी बोलणारा. त्याने प्रत्येकाच्या बुटाखाली लोखंडी काटे कसे बांधायचे ते दाखवलं, कमरेला पट्टे आवळले आणि गुणाजीच्या कानटोपीकडे बघून पसंतीची मान हलवली.

हेलिकॉप्टर उठलं तेव्हा गुणाजीने पुढची दांडी घट्ट धरली. आवाज वर्सोव्याच्या कोळ्यांच्या जुन्या मचव्यासारखा आणि हादरेही तसेच. पण खाली पाहिलं तर झाडं, घरं, गाई सगळं बाजूला होत चाललं होतं आणि समोर डोंगराच्या दोन भिंतींमधून एक रुंद, करडा रस्ता खाली उतरत होता. हीच ती हिमनदी. पाच मिनिटांत ते तिच्या पाठीवर उतरले आणि हेलिकॉप्टर दुसऱ्या माणसांना आणायला निघून गेलं. ते गेल्यावर जी शांतता झाली, तशी गुणाजीने उभ्या जन्मात ऐकली नव्हती. कारखान्यात पंप कधी बंदच होत नसे.

बर्फ बघून मात्र त्याची निराशा झाली. वर सगळी माती, खडी, काळपट चुरा. अंधेरीला लाद्यांवर लाकडाचा भुसा टाकून ठेवत तसंच हे दिसत होतं. "ह्यापेक्षा आमची लादी स्वच्छ," तो म्हणाला. अनुपमा हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा ती मोकळेपणी हसली होती. मग रेटोने त्यांना एका भेगेच्या काठाशी नेलं आणि आत बघायला सांगितलं. भेग खाली खाली गेली होती आणि आतला बर्फ निळा होता. गुणाजी पट्ट्याला धरून वाकला आणि कितीतरी वेळ तसाच राहिला. एकतीस वर्षांत त्याने जितक्या लाद्या काढल्या, त्यातली उत्तमातली उत्तम लादी काचेसारखी व्हायची, पण तिला हा रंग कधी आला नव्हता. हा बर्फ जमायला किती दिवस लागले असतील, असं त्याने विचारलं. अनुपमाने रेटोला विचारून सांगितलं, शेकडो वर्षं.  गुणाजीने कानटोपी काढली आणि पुन्हा घातली.

मग चाल सुरू झाली. सगळे एका दोराला बांधलेले. पुढे रेटो, मागे कंपनीतलं एक जोडपं, मग मधुकर, अनुपमा आणि शेवटी गुणाजी. रेटो हातातल्या कुदळीच्या दांड्याने पुढचा बर्फ ठोकत चालला होता. टक, टक, टक. गुणाजीचे कान आपोआप तिकडे लागले. चालता चालता आवाज बदलला. गुणाजी जागीच थांबून ओरडला, "हय पोकळ आसा." त्याच क्षणी रेटोनेही हात वर केला होता. तो वळला आणि शेवटच्या या म्हाताऱ्याकडे बघत राहिला. अनुपमाने जर्मनमध्ये सांगितलं, की माझे वडील जन्मभर बर्फाच्या कारखान्यात होते. रेटो दोराच्या कडेकडेने मागे आला, हातमोजा काढून त्याने गुणाजीचा हात हातात घेतला आणि त्याला सोडवून आपल्या पाठोपाठ बांधलं. त्याच्या मागे अनुपमाला. पुढचा तासभर ते दोघे ठोकत, कान देत, एकमेकांकडे बघून माना हलवत चालले. एकाला दुसऱ्याचा शब्द कळत नव्हता आणि त्यावाचून काही अडतही नव्हतं. गुणाजी इतका खुशीत होता, की मालन असती तर आज तिला साक्षीला बोलवावं लागलं नसतं.

दुपारी ते एका सपाट जागी थांबले. बर्फावरूनच एक ओहोळ वाहत होता. रेटोने टिनाचा पेला बुडवून गुणाजीच्या हातात दिला. गुणाजीने ते पाणी एका दमात संपवलं. हे तर कोणाच्याच घरचं नव्हतं. रेटोने खिशातला चाकू काढला, आपल्या पावाचे दोन भाग केले, चीजचा जाड तुकडा कापला आणि त्यातला मोठा वाटा गुणाजीपुढे धरला. गुणाजीने तो घेतला. चवीने खाऊ लागला.

अनुपमा समोर बसली होती. तिच्या मांडीवर डबा उघडा होता. त्यात घावणे होते, पहाटे चारला उठून केलेले, आणि वेगळ्या डबीत ओल्या नारळाची चटणी. त्या देशात नारळ कुठून पैदा केला होता तिचं तिला ठाऊक. थर्मासमध्ये चहा होता. तिने बापाला पाव खाताना पाहिलं आणि डब्याचं झाकण लावलं.

"बाबा, हा माणूस तुम्हाला तीन तासांपूर्वी भेटलाय," ती म्हणाली.

"मग?"

"त्याच्या हातचं तुम्हाला चालतं."

"अगं, तो काय आपला सोयरा आहे? रीत लेकीच्या घराची असते." गुणाजी समजुतीच्या आवाजात बोलला. चाळीतल्या बायकांशी बोलायचा तसा. "तुला मूल होऊ दे. मग बघ, मी स्वतः मागून खाईन."

"होणार नाही."

"असं बोलू नये."

"बाबा, मला मूल होणार नाही. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं. मी नर्स आहे, मला ते कागद वाचता येतात." तिचा आवाज चढला नव्हता. "म्हणजे तुम्ही माझ्या घरी कधीच पाणी पिणार नाही. आईपण नाही. तसं असेल तर एकदा स्पष्ट सांगून टाका. म्हणजे मी वाट बघायचं सोडून देते."

मधुकर "अनू" एवढंच म्हणाला. रेटोला शब्द कळले नव्हते, पण तो उठून थोडा लांब गेला आणि दोराच्या गाठी तपासू लागला.

गुणाजीच्या हातात पाव तसाच होता.  बाळंतपणाची, बारशाची, सुतकाची, सगळ्याची रीत त्याच्याजवळ होती. लेकीला मूलच होणार नसेल तर काय, हे त्याला कधी कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर त्याने चष्मा पुसून काहीतरी सांगूनही टाकलं असतं, ह्याची त्याला आता भीती वाटली. 

परतीच्या वाटेला तो पुन्हा रेटोच्या पाठोपाठ होता, पण ठोकण्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. मागे अनुपमा चालत होती. ती पाऊल टाकायची तेव्हा त्याच्या कमरेच्या पट्ट्याला हलकासा हिसका बसायचा. त्याला आपला सासरा आठवला.

नवं लग्न झालं तेव्हा मालनचा बाप कणकवलीहून आंबोलीला यायचा. धोतर, टोपी, खांद्यावर फणस. चाळीच्या सामायिक नळावर तो ओंजळीने पाणी प्यायचा, हातपाय धुवायचा आणि मगच बिऱ्हाडात येऊन बसायचा. मालन तांब्या भरून त्याच्यासमोर ठेवायची. तो हात लावायचा नाही. तीन वर्षं हे चाललं. म्हातारा परत गेला की मालन दोन-दोन दिवस बोलायची नाही. माहेरची आठवण येत असेल, असं गुणाजी समजायचा. मग अनुपमा झाली. म्हातारा तिला बघायला आला आणि उभ्यानेच अख्खा तांब्या प्यायला, वर म्हणाला, अजून दे. त्याची ही निष्ठा गुणाजीने चाळीत शंभर वेळा कौतुकाने सांगितली होती. त्या तीन वर्षांत मालनचं काय झालं, हे मात्र त्याने कधी विचारलं नव्हतं. आणि अनुपमा झालीच नसती तर? मालनचा बाप मरेपर्यंत त्या नळावर ओंजळ धरत राहिला असता, आणि मालन मरेपर्यंत तांब्या भरत राहिली असती. जिच्या जन्माने एका बापाला लेकीच्या घरचं पाणी मिळालं, ती आता मागे दोराला बांधून चालत होती, आणि तिचा बाप परक्याचा पाव खाऊन आला होता. गुणाजीला लाज वाटली. इतकी, की पाय घसरला. आयुष्यात पहिल्यांदा तो बर्फावर आपटला. मागून दोर ताणला गेला आणि अनुपमाने त्याला धरून ठेवलं.

"लागलं का, बाबा?"

"नाही गं," तो म्हणाला.

घरी पोहोचायला संध्याकाळचे सहा वाजले. मधुकर गाडी लावायला गेला. अनुपमा बूट काढून स्वयंपाकघरात गेली. तिने डबा ओट्यावर ठेवला आणि भांडी लावायला घेतली. आठ दिवसांत गुणाजीने त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. आता तो दारात आला, उंबरा नव्हता तरी जरा थबकला आणि आत गेला.

"अनू, पाणी दे."

"बाटली तुमच्या पिशवीत आहे. मगाशी येताना हौदावर भरून घेतलीत ना."

"ते नको. तुझ्याकडचं दे."

ती वळली. आधी तिला खरंच वाटलं नाही. मग तिने पेला घेतला, नळ सोडला, पेला एकदा विसळला, पुन्हा विसळला आणि भरला. इतका काठोकाठ, की थोडं पाणी ओट्यावर सांडलं. गुणाजीने पेला घेतला आणि ती बघत असताना सगळं पाणी प्यायला.

"मूल-बिल राहू दे," तो म्हणाला. "तू आहेस ना. माझं मूल झालंय." हे बोलणं आपल्याला नीट जमलं नाही असं वाटून तो थांबला. मग ओट्यावरच्या डब्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ते सकाळचे घावणे उरलेत का?"

अनुपमा रडली. उभ्या उभ्या, तोंडावर टॉवेल धरून, लहानपणी रडायची तशी हुंदके देत. गुणाजीने तिच्या पाठीवर हात ठेवला. मधुकर आला तेव्हा सासरा ओट्याशी उभा राहून गार घावणे खात होता आणि बायको रडत रडत त्याला सांगत होती, की बसून खा बाबा, चटणी घ्या. पुढचे बारा दिवस गुणाजी लेकीच्या हातचं जेवला. दोन किलो वजन वाढलं.

परत येताना त्याला पहिल्याच दिवशी जागा मिळाली. सहार विमानतळावर बाळा घ्यायला आला होता. सुनेला मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. चाळीतले लोक भेटून गेले, चॉकलेटं वाटून झाली, हेलिकॉप्टरची गोष्ट चारदा सांगून झाली. निळ्या बर्फावर कोणाचा विश्वास बसला नाही. सगळे गेल्यावर मालन जमिनीवर बसून कुळीथ निवडायला लागली, आणि गुणाजी समोर खाटेवर बसला. आता हिला सांगायचं होतं. एक म्हणजे लेकीला मूल होणार नाही हे, आणि दुसरं म्हणजे आपण रीत मोडली हे. दुसऱ्याचीच त्याला जास्त धास्ती होती.

त्याने दोन्ही सांगितलं. पहिलं ऐकून मालनचे हात थांबले. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पदराने पुसलं. अनुपमाच्या तब्येतीची, डॉक्टरांची, औषधांची चौकशी केली. गुणाजीला जेवढं माहीत होतं तेवढं त्याने सांगितलं. मग दुसरी गोष्ट तो अडखळत अडखळत बोलला, की आधी चौकातल्या हौदावर जायचो, पण वाट बघायचं सोडते असं ती म्हणाली आणि मग मी तिच्या घरचं पाणी पियालंय, जेवलंय पण.

 "कितव्या दिसाक?" मालनने विचारलं.

"आठव्या."

"आठव्या." तिने सूप बाजूला सारलं. "म्हणजे सात दीस चेडू तुमच्या म्होरां पान वाढून उभा रवला, आणि तुमी हौदार जावन पाणी पियालात?"

गुणाजी चपापला. रीत मोडल्याबद्दल बोलणी खायची तयारी त्याने केली होती. "अगो, पण रीत आसा ना. तूच तर सगळा बांधून दिलंस."

"तुमी मागलात म्हणान दिलंय. माका कधी इचारलात?" मालनचा आवाज चढला नव्हता, पण तेहेतीस वर्षांत त्याने तो असा ऐकला नव्हता. "सगळी चाळ तुमका इचारता. तुमी माका एकदा तरी इचारलात? माजो बापूस तीन वर्सां भायर नळार पाणी पियालो. मी तांबयो भरी आणि मोरीत ओती, भरी आणि ओती. ती तीन वर्सां मी कशी काढलंय, ता माका इचारा."

बाहेर चाळीत कोणाचा तरी रेडिओ लागला होता. गुणाजीचा हात सवयीने चष्म्याकडे गेला. तो त्याने खाली घेतला. तो उठला, मालनच्या शेजारी जमिनीवर येऊन बसला आणि म्हणाला, "सांग."